चौथी वायर

भानुदासभाऊ चालू लाइनला हात लावायचे तेव्हा डावा हात पाठीमागं ठेवायचे. उजव्या हातात टेस्टर नाहीतर पक्कड, आणि डावा हात कमरेवर, कुणी बांधून ठेवल्यासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, ह्यांच्या हाताला काही झालंय. कुणी विचारलंच तर सांगायचे, "एका हातानं शिवलं तर करंट झटका देऊन सोडतो. दोन्ही हातांनी शिवलं तर मधी काळीज लागतंय."

तीर्थपुरीत बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान. मोटरपंप, पाइप, केबल, स्टार्टर, खिळे, साखळ्या, सगळं. एक्क्याऐंशी साली टाकलं. पुढच्या वर्षी भानुदासभाऊंनी शेजारची खोली घेतली आणि दारावर पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःच लिहिलं, 'येथे सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील'. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. हे काम ते नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका दुकानात शिकले होते. घरी भावांची शेती होती, पण ह्यांचं मन तिच्यात रमलं नाही. "बैल दमला तर मला बघवत न्हाई," म्हणायचे. "मोटर दमली तर उघडून बघता तरी येतं."

अंगानं बुटके, भरलेले. पायजम्यावर वार्निशचे डाग, बोटांची टोकं कायम पिवळी. गालात एक लवंग. जळालेली मोटर आली की ते आधी झाकण काढून आत नाक घालायचे. वासावरून सांगायचे, ही पाणी आत गेल्यामुळं जळाली, ही फेज गेल्यामुळं, ही नुसती म्हातारी झाली. मोटरीला ते कायम 'ती' म्हणायचे आणि तिच्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली यायचा, जसा आजारी माणसाच्या खाटेजवळ येतो. मोटर भरून झाली, तिला लाइन दिली आणि तिनं सूर धरला की मगच चहा. तोपर्यंत मी पाठवलेला कप तिथंच निवून जायचा.

तेव्हा आमच्याकडं मोसंबीच्या बागा वाढत होत्या. लोक डिझेलची इंजिनं काढून विहिरीवर तीन फेजची लाइन घेत होते, आणि त्या रंगीत वायरींना भीतही होते. भानुदासभाऊ त्यांना माझ्या दुकानाच्या पायरीवर बसवून समजावत.

"हे बघा, लाल, पिवळा, निळा. हे तिघं भाऊ. तिघं मिळून एक गाडा वढून राह्यले. एक भाऊ बसला तर गाडा थांबत न्हाई, बाकीचे दोघं वढत राहतेत. पण किती वढतील? गरम होतेत आन जळतेत. म्हणून मोटरीचा आवाज घुमल्यासारखा वाटला की आधी बंद करायची. मंग बघायचं, कोणता भाऊ बसला."

"आन ही चौथी? हिरवी?"

"ती बहीण. तिला काम न्हाई. ती मोटरीच्या अंगाला बांधायची आन दुसरं टोक जमिनीत. कधी करंट अंगावर उतरला तर ती गुपचूप जमिनीत नेऊन सोडते."

लोक माना डोलवायचे, आणि घरी गेल्यावर त्या हिरव्या वायरीनं बैलांच्या गोठ्यावर बल्ब लावायचे. तेव्हा कुणालाच, अगदी भानुदासभाऊंनाही, त्याचं फार काही वाटत नव्हतं.

एकदा नदीकडच्या एका वस्तीवर ते स्टार्टर बघायला गेले होते. मीही सोबत होतो. तिथले उत्तमराव विहीर खोल करायच्या तयारीत होते. पाणी कमी झालं, पाइपातून करंगळीएवढी धार पडते, आता खोदल्याशिवाय इलाज नाही, असं त्यांचं चाललं होतं. माणसं ठरवली होती. भानुदासभाऊ विहिरीच्या काठावर नुसते उभे राहिले, कान देऊन.

"उत्तमराव, तुमची मोटर उलटी फिरून राह्यली."

"उलटी? ती कामून फिरंल उलटी?"

"मधी खांबावरची डीपी दुरुस्त केली ना लाइनवाल्यांनी? तवा वायरी इकडच्या तिकडं झाल्या असतील."

त्यांनी लाइट बंद करून स्टार्टर उघडला, दोन वायरींची जागा बदलली आणि बटण दाबलं. पाइपातून असं पाणी आलं की समोर उभा असलेला उत्तमरावांचा भाऊ धोतरासकट भिजला. उत्तमरावांच्या बायकोनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना उत्तमराव सारखे विचारत होते, कोणत्या रंगाच्या दोन वायरी बदलल्या ते सांगा, मी ध्यानात ठेवतो. भानुदासभाऊ हसले.

"कोणत्याबी दोन बदला. मोटरला रंग कळत न्हाई. रंग माणसासाठी असतो."

हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. दुसरं एक वाक्य होतं, ते तर दिवसातून किती वेळा यायचं. कुणी म्हणालं, मिस्तरी, तो जोड जरा सैल वाटतो, ती टेप निघाली, तर म्हणायचे, "चालून राह्यलं ना? मंग चालू द्या." त्यात हयगय नव्हती. गिऱ्हाईक उन्हाचं आलेलं असायचं, बाग वाळत असायची, लाइट दोन-चार तासांपुरती यायची. तेवढ्यात मोटर चालू करून देणं हाच त्यांच्या लेखी धर्म होता. लोक त्यांना त्यासाठीच मानायचे. दुसरा मिस्तरी सामान नाही म्हणून परत यायचा, भानुदासभाऊ मोटर चालू करूनच परतायचे.

नव्वदनंतरचा एक उन्हाळा. जांब समर्थच्या रस्त्याला बाबुरावांची वस्ती होती, तिथून बाबुराव स्वतः आले. उंच, कमी बोलणारा माणूस. भानुदासभाऊंशी त्यांचं जमायचं. एकाच शाळेत, पुढं-मागं शिकलेले. त्यांची मोटर बंद होती. भानुदासभाऊंनी आदल्या दिवशीच जाऊन बघितलं होतं. विहिरीत उतरणाऱ्या केबलीतली निळी तार आतल्या आत कुठंतरी तुटली होती. नवी केबल टाकायला पाहिजे होती आणि नेमकी माझ्याकडं तशी केबल शिल्लक नव्हती. जालन्याहून माल यायचा होता.

"झाडावर बारकी फळं हायेत मिस्तरी," बाबुराव म्हणाले. "आज पाणी न्हाई भेटलं तर गळून जातेत."

भानुदासभाऊ पक्कड घेऊन त्यांच्यासोबत गेले. तिथं काय केलं ते मला खूप पुढं, त्यांच्याच तोंडून कळलं. केबलीत चार तारा. निळी मेलेली. लाल आणि पिवळी चांगली. आणि हिरवी, मोटरीच्या अंगाला बांधलेली, बिनकामाची. त्यांनी हिरवी मोटरीच्या अंगावरून सोडवली आणि निळीच्या जागी लावली. खाली मोटरीलाही आणि वर स्टार्टरलाही. तीन भाऊ पुरे झाले. मोटरीनं सूर धरला. बाबुरावांना त्यांनी सांगितलं, "ही हिरवी आता फेज हाय, ध्यानात ठेवा. तात्पुरतं हाय. माल आला की केबल बदलून देतो." बाबुराव बरं म्हणाले.

चार दिवसांनी केबल आली. तो हंगामाचा काळ होता, भानुदासभाऊंच्या खोलीत जळालेल्या मोटरींची रांग लागली होती. बाबुरावांची तर चालत होती. मग पाऊस पडला, विहिरी भरल्या, मोटरी बंद झाल्या. केबल माझ्या दुकानातून दुसऱ्या कुणाला विकली गेली. बाबुरावांनी आठवण केली नाही, ह्यांनी काढली नाही.

दिवाळी झाल्यावर बाबुरावांचा स्टार्टर जळाला. भानुदासभाऊ तेव्हा बहिणीकडं परभणीला गेले होते. बाबुरावांनी शेजारच्या गावच्या संजयला बोलावलं. संजय आयटीआय करून आलेला, चोवीस-पंचवीसचा, हुशार पोरगा. नुकतंच काम सुरू केलं होतं. बाबुराव तेव्हा मोसंबीच्या व्यापाऱ्यासोबत बागेत होते. संजयनं जळका स्टार्टर काढला, नवा बसवला. समोर चार वायरी. त्यानं शिकल्याप्रमाणं केलं. लाल, पिवळी, निळी फेजला, आणि हिरवी स्टार्टरच्या लोखंडी पेटीला. लाइट नव्हती, म्हणून मोटर चालवून बघता आली नाही. "लाइट आली की चालू करा," असं सांगून तो गेला.

लाइट दुपारी आली. बाबुराव पाण्याच्या ओल्या दांडातून अनवाणी आले आणि बटण दाबलं. मोटरीला दोनच भाऊ मिळाले, ती नुसती घुमायला लागली. भानुदासभाऊंनीच शिकवलेलं होतं, घुमली की आधी बंद करायची. बाबुरावांनी बंद करायला पेटीवर हात टाकला. लाल-पिवळ्यातला करंट मोटरीच्या आतून फिरून हिरव्या वायरीनं वर त्या पेटीवर आलेला होता.

बाबुरावांची बायको गयाबाई समोरच्या झाडाखाली होती. तिनं त्यांना पडताना बघितलं.

सगळ्या भागाचं बोट संजयकडं गेलं. कालचं पोरगं, ह्यानं वायरी उलट्यासुलट्या लावल्या, माणूस मारला. पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं, जबाब घेतले, शेवटी अपघात म्हणून सोडलं. तो सारखा सांगत होता, मी हिरवी पेटीलाच लावली, पुस्तकात तसंच आहे. ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. त्याला कुणी कामाला बोलावेना. जमलेली सोयरीक मोडली.

भानुदासभाऊ परभणीहून आले ते सरळ मातीला गेले. दोन दिवसांनी गयाबाईच्या भावानं त्यांनाच निरोप दिला. विहिरीवरची ती वायर काढून टाका, नवीन लावा, तुमच्याशिवाय आता कुणावर भरवसा नाही. माझ्या दुकानातून नवी केबल घेऊन ते गेले. जुनी केबल स्वतःच्या हातानं ओढून काढली, वेटोळं केलं आणि घरी घेऊन आले. ती हिरवी वायर खाली मोटरीला कुठं बांधली होती, हे बघणारं मग कुणी राहिलं नाही.

त्या वर्षभरात मी त्यांना रोज बघत होतो आणि मला काही समजत नव्हतं. मला वाटायचं मित्र गेला त्याचं दुःख. 'चालून राह्यलं ना' हे त्यांच्या तोंडून गेलं. एखादी मोटर भरून तयार झाली तरी ते तिला लाइन द्यायचे नाहीत. पुन्हा उघडायचे, पुन्हा वायरी बघायचे, शेतकरी ताटकळत बसायचा. चहा घ्यायचे नाहीत. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी एकदा माझ्या घरी येऊन सांगितलं, "रफिकभाई, घरात मोसंबी आणली तर उठून भाहीर जातेत. तुमी विचारा ना काय झालं. मला तर काई सांगत न्हाईत." मी विचारलं. "काई न्हाई, तब्येत बराबर न्हाई," एवढंच म्हणाले.

मग एका सकाळी संजय माझ्या दुकानात आला. वाळला होता. त्याच्या हातात हत्यारांची पिशवी होती. पक्कड, टेस्टर, पान्हे, सगळी नवीनच म्हणायची. गल्ल्यासमोर पिशवी ठेवून म्हणाला, "काका, हे कुणाला लागत असंल तर देऊन टाका. मी पुण्याला चाललो, कंपनीत वॉचमनची जागा हाय."

भानुदासभाऊ माझ्याकडून टेप घ्यायला आले होते. ते पिशवीकडं बघत राहिले.

"वॉचमन कामून?" त्यांनी विचारलं. "तुहं शिक्षण हाय ना?"

"मिस्तरी काका, मला आता वायर हातात घेतली की कापरं भरतं," संजय म्हणाला. "मी लई येळा आठवून बघितलं. हिरवी पेटीलाच लावल्ती मी. मंग कुठं चुकलं तेच कळत न्हाई. माहंच काही चुकलं असंल."

भानुदासभाऊ खाली पायरीवर बसले. मग संजयकडं न बघता म्हणाले, "तुहं न्हाई चुकलं. ती हिरवी माही व्हती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जे मी वर लिहिलं ते सगळं, त्याच क्रमानं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते होतं तिथंच थांबलं. मग संजयनं फक्त विचारलं, "वरीसभर?"

"हौ. वरीसभर."

"माही आई गावात खालमानेनं फिरून राह्यली."

"म्हाईत हाय मला."

संजयनं पिशवी उचलून छातीशी धरली. ते बघवेना म्हणून मी मध्ये बोललो. म्हणालो, भाऊ, त्या टायमाला केबल नव्हती माझ्याकडं, नाहीतर तुम्ही असं केलंच नसतं. भानुदासभाऊंनी वळून माझ्याकडं बघितलं.

"केबल चार दिवसांनी आल्ती, रफिकभाई. त्यात तुमी येऊ नका."

ते घरी जाऊन जुन्या केबलीचं वेटोळं घेऊन आले. मला म्हणाले, "गाडी काढा. गयावयनीकडं जायचंय. जल्दी करा, न्हाईतर माझ्यानं जाणं होणार न्हाई." माझ्या मोटरसायकलवर ते मागं बसले, आणि संजय त्याच्या सायकलवर. त्यानं यायला नाही म्हटलं नाही.

गयाबाई बागेत होती. बायकांसोबत बसून मोसंबी निवडत होती, मोठी एकीकडं, बारकी एकीकडं. आम्ही तिघं एकत्र आलेले बघून तिनं हात थांबवला. संजयला बघून तिचा चेहरा कडक झाला. भानुदासभाऊंनी वेटोळं तिच्यासमोर ठेवलं, आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. सांगताना ते वायरीचं टोक हातात धरून दाखवत होते, ही लाल, ही पिवळी, ही निळी तुटकी, आणि ही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मालकाला म्हाईत व्हतं?"

"व्हतं. मी सांगितल्तं, ही हिरवी फेज हाय म्हणून."

"मंग त्यांनी ह्या पोराला कामून न्हाई सांगितलं?"

मला वाटलं, आता त्यांना थोडी वाट मिळाली. खरंच होतं ते, बाबुरावांनी सांगायला पाहिजे होतं. भानुदासभाऊंनी नाही अशी मान हलवली.

"ते इसरले असतील वयनी. त्यांचं काम बागेचं. वायरीचं ध्यानात ठेवायचं काम माहं व्हतं. मोटरला रंग कळत न्हाई. रंग माणसासाठी असतो. मीच सांगत व्हतो सगळ्यायला, आन मीच..."

गयाबाई उठली. पदर कमरेला खोचला. रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण ती हळूच बोलली.

"तुमाला मी त्यांच्यानंतर घरात बोलावलं. हिरीला हात लावू दिला. तवाबी तुमी बोलले न्हाई."

"न्हाई बोललो."

"मला आता तुमचं तोंड बघायचं न्हाई, मिस्तरी. पर एक करा. ह्या पोराला मी लई वाईट बोलले. गावानं बोललं. ते तुमी गावासमोर फेडा. माझ्यासमोर सांगून भागणार न्हाई." मग ती संजयकडं वळली. "तू बस. पाणी पी."

भानुदासभाऊंनी ते फेडलं. गयाबाईच्या गावात मारुतीच्या देवळासमोर, माणसं बोलावून. तीर्थपुरीत बाजाराच्या दिवशी, स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून. काहींनी ऐकलं, काही मध्येच उठून गेले. एक म्हातारा म्हणाला, झालं ते झालं मिस्तरी, कशाला उगाच. त्याला ते म्हणाले, "उगाच न्हाई आबा. हा पोरगा वायरी लावायला बराबर हाय. त्याला बोलवा." पोलीस ठाण्यातही गेले. तिथं साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अपघात म्हणून कागद कधीच बंद झालाय, आता तो उकरून कुणाचं काय होणार आहे, घरी जा. बाहेर येऊन ते माझ्याशेजारी वडाखाली बसले.

"मला वाटलं व्हतं बसवून ठेवतील," म्हणाले. "मी पानी पिऊन आल्तो घरून. सुमनला सांगून आल्तो, परत येणं होईल न होईल."

एवढा निराश झालेला माणूस मी बघितला नाही. शिक्षा देणारं कुणी नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

गिऱ्हाईक निम्मं झालं. जे यायचं त्यातलंही अर्धं ते संजयकडं पाठवायचे. संजय पुण्याला गेला नाही. त्यानं बसस्टँडच्या बाजूला दुकान टाकलं, लग्न झालं, पोरं झाली. भानुदासभाऊ समोर आले तर तो सायकलवरून उतरायचा, पण बोलायचा नाही. लग्नाची पत्रिका मला आली, त्यांना नाही. त्यांनी कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्यानंतर त्यांना एक नाद लागला. सायकलच्या कॅरिअरला एका पिशवीत मीठ, एकीत कोळसा आणि टिकाव बांधून ते वस्त्या-वस्त्यांवर जायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. विहिरीवर जाऊन बघायचे, हिरवी वायर आहे का, ती जमिनीत गेली आहे का. नसली तर स्वतः खड्डा खणायचे, जमिनीनं करंट नीट ओढून घ्यावा म्हणून मीठ-कोळसा घालून तार पुरायचे, वर पाणी ओतायचे. पन्नाशी उलटलेली, घाम निथळायचा. लोकांना आधी वाईट वाटायचं, मग कंटाळा यायला लागला. "आले मीठवाले," म्हणायचे. एकानं तर, माझ्या शेतात खड्डे करायचे नाहीत म्हणून, त्यांचा टिकाव बांधाबाहेर फेकला. ते टिकाव उचलून त्याला म्हणाले, "तुमी म्हणाल तिथं खणतो. पर खणू द्या." त्या खड्ड्यांमुळं कुणाचा जीव वाचला का, हे सांगता येत नाही. जे झालं नाही ते कुणाला दिसत नसतं.

एकाच बागेत त्यांना जाता येत नव्हतं. गयाबाईच्या विहिरीचं सगळं संजय बघायचा. पण त्या रस्त्यानं जाताना ते सायकलवरून उतरायचे, बांधाबाहेर थोडा वेळ उभे राहायचे, मोटरीचा सूर नीट आहे का ऐकायचे, आणि मग पुढं जायचे. गयाबाई बांधावर असली तर तोंड फिरवून उभी राहायची. मी एकदा त्यांना म्हणालो, भाऊ, कशाला त्या रस्त्यानं जाता, दुसरा रस्ता आहे की. ते म्हणाले, "तिनं तोंड बघायचं न्हाई म्हणलं, रफिकभाई. मी दाखवत न्हाई. पर ऐकायचं न्हाई असं म्हणली न्हाई ती."

वर्षं गेली. दोन हजारच्या पुढं त्यांच्या साखरेनं जोर धरला, पायाची जखम भरेना. मुलगा औरंगाबादला कारखान्यात होता, तो न्यायला आला. खोलीतलं सामान त्यांनी ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकलं. निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर पोचवायला गेलो. मुलानं त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः तिकिटाचं बघायला पुढं गेला. बस अर्धी रिकामी होती. लंगडत चढल्यामुळं त्यांना धाप लागली होती. मी खाली उभा राहून काहीतरी बोलत होतो, पथ्याचं, डॉक्टरचं.

तेवढ्यात गयाबाई दिसली. अंबडची गाडी धरायला आली असावी, हातात पिशवी होती, केस आता पूर्ण पांढरे. तिनं आधी मला बघितलं, मग खिडकीत त्यांना. मी चपापलो. भानुदासभाऊ दांड्याला धरून जागेवरून उठून उभे राहिले. तो दुखरा पाय घेऊन.

गयाबाई माझ्याजवळ आली. मलाच विचारलं, "कुठं चालले?"

"मुलाकडं. औरंगाबादला."

"परत?"

मी नाही अशी मान हलवली.

मग ती खिडकीकडं वर बघून, पहिल्यांदाच सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "औंदा हिरीला पानी हाय मिस्तरी. बाग बरी हाय."

त्यांनी मान डोलवली. कंडक्टरनं घंटी मारली. मुलगा परत आला, बाबा बसा म्हणाला, खांद्याला धरून बसवायला लागला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

बस स्टँडच्या बाहेर पडून वळेपर्यंत मला ते दिसत होते. त्यांची बसायची जागा रिकामी होती, आणि ते दांडा धरून उभेच होते.